चढावर थांबताना

लिहिणं हे माझं काम नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण चढावर सायकल थांबवायला मी शिकलो, ते सांगावंसं वाटतं.

सावंतवाडीच्या आमच्या कॉलेजच्या सायकल संघात मला जागा हवी होती. खेळाच्या सरांनी सरावाला शर्यतीची सायकल आणि बूट दिले. या बुटाच्या तळाला एक पट्टी असते. ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. सरांची अट एकच, "चढावर थांबून दाखव. आपल्या वळणांवर समोरून चिऱ्यांचा ट्रक कधी येईल सांगता येत नाही."

मला वाटलं, त्यात काय! बाबांच्या सायकलवर काजूची पोती नेतच वाढलो मी. गावात सगळे उतरतात तसं उतरायचं, चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून फिरवायचा आणि टुणकन खाली. घरामागच्या चढावर तसाच उतरायला गेलो. पाय सुटलाच नाही. सायकलसकट कुंपणाच्या दगडी गडग्यावर आडवा झालो.

आई मागच्या अंगणात काजू वाळवत होती. "मेल्या, पायांका खिळे मारून घेतलंस काय रे? उतराक येना नाय तर चढतस कित्याक?"

"शिकतंय गो आये!"

"मगे हळू पड. गडगो मोडशीत."

सरांनी समजावलं, वेग संपायच्या आत डावी टाच फिरवायची आणि अंग त्याच बाजूला झुकवायचं. मला कळलं, पण पायाला कळेना. मग आईनेच युक्ती काढली. मी चढ चढू लागलो की ती काजू परतता परतता मध्येच ओरडायची, "थांब!" कधी ओरडेल ते मला ठाऊक नसायचं. गुडघे सोलवटले, आणि हळूहळू टाच आधी फिरायला लागली.

सरांनी चाचणी घेतली, पण "कळवतो" एवढंच म्हणाले. घरी मोबाइलला रेंज नाही, ती चढाच्या मध्यावर येते. रोज तिथवर जात होतो. त्या सकाळी भर चढावर खिशात फोन थरथरला. कुणी "थांब" म्हणालं नाही. टाच आपसूक फिरली, डावा पाय जमिनीवर टेकला, सायकल जागच्या जागी उभी.

खालून आईचा आवाज आला, "पडलंस काय रे?"

"नाय गो!" म्हणत मी फोन काढला. सरांनी लिहिलं होतं, "तू संघात आहेस."