पायाला हात

"पायाले हात नोका लावू, डॉक्टरसाहेब. मले पाप लागते," असं म्हणून काका दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घ्यायचे. डॉक्टर म्हणजे देव, आणि देवाला पाय दाखवायचे नसतात, हा त्यांचा हिशेब.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या सुमारास पवनीत माझा दवाखाना नवा होता. काका माझ्या गल्लीतले विणकर. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचे. तक्रार एकच, "तळव्याले मुंग्या चालून राहिल्या. लाल सुई मारून द्या." मी ताकदीची लाल सुई द्यायचो. पाय तपासायचा आग्रह मी कधी धरला नाही. बाहेर रांग असायची, आणि खरं सांगतो, मला ते सोयीचंच होतं.

एकदा एकच चप्पल घालून निघाले. पायरीजवळ सोडलेली दुसरी तिथेच. "काका, सासुरवाडीची आठवण आली का?" मी म्हणालो. सगळे हसले, काकाही. पायात चप्पल नाही हे त्यांना कळलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग एकदा म्हणाले, "आता वाकून पाहा लागते, पावडीवर पाय हाय का नाही." पन्नास वर्षं पायानं मागाची पावडी दाबणारा माणूस हे सांगत होता. "वय झालं," मी म्हणालो आणि सुई भरली. साखर तपासायला सुचलं नाही. आज लाज वाटते, शब्द नाही दुसरा.

शेवटी काकूंनी ओढत आणलं. खोलीत वास भरला. तळव्यात मागाचा खिळा, किती दिवसांचा देव जाणे. त्या दिवशी साखर पहिल्यांदा तपासली, ती भलतीच वाढलेली निघाली. पुढे नागपुरात पाय कापला. एका पायानं माग चालत नाही. काका त्यानंतर फार जगले नाहीत. आता प्रत्येक पेशंटचे पाय मी मांडीवर घेऊन बघतो. कोणाला पाप लागलं तर लागो.

पण काकूंनी आणलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. काका पहिल्यांदाच म्हणाले, "घ्या पाहून," आणि लाजून तोंड भिंतीकडे केलं. मी पाय मांडीवर घेतला, खिळा उपटला, जखम धुतली. दोन्ही हातांत त्यांचा पाय होता.

भिंतीकडे बघतच काका हळूच म्हणाले, "लावा न हात, डॉक्टरसाहेब. आता मी नाही म्हणत नाही."