उजव्या हातातली ढाल

ग्रीक मडक्यांवरच्या चित्रकथांविषयी मी एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक चित्र उलटं छापलं गेलं आहे. जळत्या शहरातून एक योद्धा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन निघालाय आणि त्याची ढाल उजव्या हातात आहे. ती डाव्या हातात असायला हवी; उजवा हात शस्त्राचा. ही चूक कोणाची, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे.

पुस्तकातली सगळी चित्रं माझ्या मोठ्या बहिणीने काढली. ती रायपूरच्या सिंचन खात्यात ट्रेसर होती. कालव्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघा उतरवायच्या, हेच तिचं आयुष्यभराचं काम. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. लायब्ररीतल्या जाड पुस्तकांतले मडक्यांचे फोटो मी मोठे करून आणायचो आणि ती ऑफिसातून आल्यावर बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, खिडकीपाशी बसून ते उतरवायची. बाबांना तेव्हा अर्धांगवायू झाला होता. ताई रेघ अर्धी टाकून उठायची, त्यांना उचलून बाथरूमला न्यायची, हात धुऊन परत बसायची. मी शेजारच्या खोलीत, बापाला पाठीवर घेणाऱ्या त्या मुलावर प्रकरण लिहीत असायचो.

तिला त्या कारागिरीचं फार कौतुक होतं. काळ्या आकृतीवर सुईने ओरखडे काढून डोळे, बोटं, कपड्याच्या चुण्या दाखवलेल्या असतात. ती म्हणायची, "आम्ही ब्लेडने चूक खरडतो भाऊ, अन् हे लोक तर चित्रच खरडून राहिले!"

त्या बापलेकाच्या मागे एक बाई चालताना दिसते. ताईने विचारलं, "ही कोण?"

"त्याची बायको. पुढे या गोष्टीवरच्या रोमन महाकाव्यात ती हरवते. धुरात मागेच राहते. तो वळून बघत नाही."

"काहून नाही बघत?"

"घाईत असतो."

"मडक्यावर तर आहे ना," ती म्हणाली आणि बाईच्या पदराची रेघ उतरवू लागली.

ऑफिसची सवय म्हणून ती प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक छोटी चौकट आखायची. त्यात दोन ओळी: ट्रेस केले, तपासले. पहिल्या ओळीत तिची सही. दुसरी माझ्यासाठी रिकामी. मी वर्गात मोठ्या प्रेमाने सांगायचो की काही ग्रीक कारागीर मडक्यावरच लिहून ठेवत, हे अमक्याने घडवलं, हे तमक्याने रंगवलं. अडीच हजार वर्षांनी आपण त्यांना नावाने ओळखतो, पोरांनो.

आणि छापायला देण्याच्या आदल्या दुपारी मी ब्लेड घेऊन प्रत्येक कागदाची खालची पट्टी चौकटीसकट कापली. स्वतःला सांगितलं, पुस्तकात हे ऑफिसचं खोकं बरं दिसणार नाही. खरं कारण असं की आतल्या पानावर 'लेखन आणि चित्रे' असं लिहून खाली माझं एकट्याचं नाव यायचं होतं. ताईला म्हणालो, "प्रेसवाले असंच मागतात." ती म्हणाली, "हव."

पारदर्शक कागदाची सुलटी बाजू चटकन कळते ती अक्षरांवरून. अक्षरंच कापली गेल्यावर प्रेसमध्ये एक कागद पालथा पडला. प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी मजकूर वाचला, चित्रं नुसती उलटली.

प्रकाशनाला बाहेरून आलेल्या एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी भर सभेत पान उघडून विचारलं, "काय हो, हा वीर डावखुरा होता का?" हॉलभर हसू पिकलं. मीही हसलो आणि म्हणालो, "चित्रं कच्ची उतरवून घ्यायला एक ट्रेसर लावला होता. त्याच्या हातून झालं." ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. नवी साडी नेसून.

स्कूटरवर मागे बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "ढाल मी उलटी काढली काय रे?"

"नाही गं. प्रेसची गडबड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळ कागद, शाईची बाजू माझ्याकडे करून, खिडकीच्या काचेला लावून पाहिला. ढाल डाव्या हातात होती. कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि कोणाला काही बोललो नाही. त्यानंतर ताईने माझ्यासाठी कधी चित्र काढलं नाही. मीही मागितलं नाही.

यंदा तिला काचबिंदू निघाला. नजर मधोमध चिमटीएवढी उरली आहे. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? ती म्हणाली, "वीस वर्षं झाली असतील डॉक्टरसाहेब. भावाच्या पुस्तकात एक ढाल उलटी काढली होती मी. तेव्हाच समजायले पाहिजे होतं मले."

प्रेसचं माझं उत्तर तिने मानलंच नव्हतं. एवढी वर्षं ती चूक स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन बसली होती.

घरी येऊन मी फाइल काढली आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ब्लेड, चौकटी, सभेतलं ते वाक्य. ती कागदाची कड बोटाने चाचपत होती.

"स्केल नाही लावली," ती म्हणाली. "हातानेच कापलं. किती वाकडं कापलं, प्रोफेसर!"

"ताई, मी..."

"पेन दे."

ती कागदावर वाकली, अगदी नाक टेकेपर्यंत. कापलेल्या कडेच्या वर तिने चौकट आखली. दोन ओळी.

"तपासले, तिथं तू सही कर पहिले. ते काम तुझं होतं."

मी सही केली. मग तिने पेन घेतलं आणि आपलं नाव लिहायला सुरुवात केली. एकेका अक्षराला वेळ लागत होता. ज्या हाताने मैलोगणती कालवे उतरवले त्या हाताची अक्षरं चौकटीबाहेर घसरत खाली गेली, त्या मागे चालणाऱ्या बाईच्या पायांवर.

"आलं काय रे ओळीत?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, ताई. खाली गेलं. बाईच्या पायावर."

तिने पेनाला टोपण लावलं.

"ब्लेड आणू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुझ्या हातात तर बिलकूल नको."