खंडेनवमीला उघडलेलं शटर

आमच्या कॉलनीत गॅरेजला रिमोटची शटरं आली, तेव्हा एकाच फिटरनं ती घरोघरी बसवली. त्या खंडेनवमीला दुपारी मी घरात एकटी होते. गाडीची, हत्यारांची पूजा उरकून नवरा बाहेर गेला होता. अचानक गॅरेजचं शटर खडखडत वर गेलं. ना गाडीचा आवाज, ना हाक. गॅरेजातून स्वयंपाकघरात यायच्या दाराला आम्ही कधीच कडी लावत नव्हतो. मी धावत जाऊन ती घातली, देवघरापुढं पूजेत मांडलेला कोयता उचलला आणि ओरडले, "कोण हाय रं तिकडं?"

शटर खाली आलं. चोर आत कोंडला की बाहेर राहिला, कळेना. तेवढ्यात ते पुन्हा वर गेलं. आता माझं डोकंच फिरलं. कोयता घेऊन मी पुढच्या दारानं रस्त्यावर आले.

समोरच्या काकू कट्ट्यावर पूजा मांडून बसल्या होत्या. पक्कड, विळी आणि शेजारी रिमोट. त्याच्या बटणावर हळद टेकवली, कुंकू टेकवलं, की त्यांच्या शटरबरोबर आमचंही शटर हलत होतं.

"अगं बाई, माझ्यानं तुझंबी उघडतंय व्हय?" काकू हसायला लागल्या.

मला कसलं हसू येतंय! आमचा रिमोट आणून मी रस्त्यातच बटण दाबलं. आमचं हललं, काकूंचं हललं. आणि ज्यातले सगळे देवदर्शनाला वाडीला गेले होते, त्या शेजारच्या बंगल्याचंही शटर सावकाश वर गेलं. आतलं, घरात जायचं दार त्यांनी शटरच्या भरवशावर सताड उघडं ठेवलं होतं.