विरजणाची वाटी

आमच्या राजूरच्या गल्लीत जिजीइतकं वाईट दही लावणारी बाई दुसरी नव्हती. निदान ती स्वतः तसं सांगायची. एक दिवसाआड म्हातारी आमच्या दारात उभी. "पोरी, माझं दही पुन्हा बिघडलं बघ. जा, रेश्माकडून जरा विरजण आण." मी चिडायचे. हिला मीच बरी सापडते!

सापडणार नाही तर काय, मी कायम घरात. पुण्याची नोकरी घरून करायला मिळाली तसे बाबा आम्हाला घेऊन गावी आले आणि मला शाळेत न घालता स्वतःच शिकवू लागले. अभ्यास झकास चालला होता. पण चौदा वर्षांच्या मुलीला आईबापांशिवाय बोलायला कोणी लागतं की नाही? गल्लीतल्या मुली दप्तरं घेऊन जाताना "हिला शाळेतून काढलं" म्हणून हसायच्या. मी खिडकी लावून घ्यायचे. दुपारी आई झोपली की उशीत तोंड खुपसून रडायचे. जिजीच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती, तिला ऐकू जात असणार.

रेश्मा मागच्या गल्लीतली, माझ्याच वयाची. दम्यामुळे तिलाही तिची आई घरीच शिकवायची. पहिल्या दिवशी आम्ही दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे मुक्यासारख्या उभ्या. मी विरजण घेऊन पळत परत आले तर जिजी करवादली, "इतक्या जल्दी? बसली न्हाईस? लोकाच्या घरून असं पळत येत असतात व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिने शेंगदाण्याची चटणी दिली, तीही स्वतःच्या, नवऱ्याचं नाव कोरलेल्या वाटीत. "जा, देऊन ये. अन् सांग, वाटी सावकाश आणून दे म्हणावं." आता दुसऱ्याची वाटी रिकामी कोण परत करतं? मग रेश्मा त्यात कधी शिरा, कधी लोणचं घालून आणायची. तिच्याकडून काही आलं, की आमच्या घरून काहीतरी घेऊन मी निघायचे. या ये-जा करण्यात आम्ही कधी बोलू लागलो, कधी भांडलो, कधी गळ्यात गळे घालून हिंडू लागलो, आठवतही नाही.

ओट्यावर आमची खीखी चालली की जिजी आतून म्हणायची, "हसा गं, हसा. मला मेलीला बरं वाटून राह्यलं." मग दोघींना ग्लासभर घट्ट ताक. इतकं ताक हिच्याकडे येतं कुठून, हे मला बावळट पोरीला कधी सुचलंच नाही.

गेल्या थंडीत जिजी झोपेतच गेली. त्याच दिवशी अंत्यविधी आटोपल्यावर तिच्या वेगळ्या राहणाऱ्या सुनेने फडताळातून गाडगं काढून माझ्यापुढे ठेवलं. दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. "घेऊन जा गं. आत्याबाईंच्या हातचं शेवटचं. आमच्यात त्यांच्यासारखं दही कोणालाच जमत नाही. आम्हीसुद्धा विरजण त्यांच्याकडूनच न्यायचो."

लबाड म्हातारी! इतकी वर्षं मला फसवलंस. ओरडून भांडावंसं वाटलं, पण भांडायला ती होती कुठे?

तेवढ्यात रेश्मा आली. हातात जिजीची वाटी, आदल्या दिवशी नेलेली. सवयीने गूळ-शेंगदाणे भरून आणलेली.

"ही आता कोणाला द्यायची गं?" तिने विचारलं.

आम्ही दोघी तिथेच, जिजीच्या स्वयंपाकघरात, एकमेकींना धरून हमसून हमसून रडलो. एकटीने रडायची वेळ जिजीने माझ्यावर येऊ दिली नव्हती.