मामाची जीभ आणि घटपर्णीची माती

पाण्यातला खारटपणा जिभेवर मोजणारा माझ्या मोठ्या मामासारखा माणूस पनवेल तालुक्यात दुसरा नसेल. हे मी जरा भीतभीतच लिहितो, कारण तालुका मी पूर्ण पाहिलेला नाही; पण मामा पाहिला आहे. त्याची उमेदीची वर्षं सगळी मिठागरात गेली. मिठागरं बुजली, मामा विचुंब्याला चौथ्या मजल्यावर राहायला गेला, तरी सवय गेली नाही. हॉटेलातलं पाणी असो की लग्नातलं सरबत, आधी ते जिभेच्या टोकावर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. एकदा टँकरवाल्याला त्याने तोंडावर सांगितलं, "खाडीकडची बोरिंग हाय तुजी. खोटा नको बोलू." पुढच्या खेपेला पाणी गोड आलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी विभागाची एकुलती एक घटपर्णी सुट्टीत सांभाळायला माझ्याकडे दिली, तेव्हा आईने तिला खिडकीतली सर्वांत चांगली जागा दिली. पानाच्या टोकाला सुरई लटकवून किडे पकडणारं हे झाड. मांसाहार करतं म्हणजे आपल्यातलंच, असं समजून आई त्याला रोज मासळी धुतलेलं पाणी घालू लागली. आमच्याकडे मिरचीपासून जास्वंदीपर्यंत सगळं त्याच पाण्यावर वाढतं, म्हणून मीही अडवलं नाही. पंधरा दिवसांत सुरया काळ्या पडल्या. आता मॅडमना काय तोंड दाखवू?

शेवटी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक घेऊन मामाकडे गेलो. खत नको, क्षार नकोत, नळाचं पाणीही नको, असं सगळं वाचून दाखवलं.

"म्हंजे हिला उपाशी माती पायजे," मामा म्हणाला. "आनि मीठ बिलकूल नाय?"

"बिलकूल नाही."

"मंग आदी माज्याकडं यायचा ना."

नारळाचा भुसा, परलाइटचे पांढरे हलके खडे आणि सुकं शेवाळ मी आणलं. भुशात खार असतो, तो धुऊन काढायचा होता. मामाने गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी घमेल्यात ओतलं, भुसा भिजवला, पिळला आणि ते तांबूस पाणी जिभेवर घेतलं.

"डॉक्टरनी याचा मीठ बंद केलाय," मामी मला म्हणाली, "आन ह्यो भुशाचा पानी चाटतंय."

"मी थुंकतंय," मामा म्हणाला. "पीत नाय."

सातव्या पाण्याला त्याने मान हलवली. "गेला."

मग आईच्या पाण्याची जुनी माती मुळांवरून धुऊन आम्ही झाड नव्या मिश्रणात लावलं. सुट्टी संपली तेव्हा एक नवं पान आलं होतं आणि त्याच्या टोकाला तांदळाएवढी सुरई. मॅडमनी कुंडीतून निथळलेलं पाणी मीटरने तपासलं. आकडा पावसाच्या पाण्याच्या अगदी जवळ होता.

"क्षार कशाने मोजलेस?"

मी म्हणालो, "मामाच्या जिभेने." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "तसंच लिही जर्नलमध्ये," म्हणाल्या. मी लिहिलं, आणि ते पान घरी सगळ्यांना दाखवलं.

आता विभागात सहा घटपर्णी आहेत आणि सगळ्यांची माती मामाच धुतो. "गेला" हा शब्द खरं तर जिंकल्याचा, पण मामा तो हळू आवाजात म्हणतो. परवा पहिलं, सर्वांत खारट पाणी त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरलं, डोळे मिटून. मामी दारात आली होती. तिने पाहिलं आणि या वेळी डॉक्टरचं नाव न काढता आत गेली.