पिल्लांसाठी ठेवलेली वाट
इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या बाल्कनीत खाडीवरून वारा आला, की कधीतरी गंजक्या तारेचा आणि मासळीचा वास येतो आणि मला धक्क्यावरची ती सकाळ आठवते. वसईला पप्पांची होडी होती; मासळी मिळेनाशी झाली तेव्हा ती विकून ते इथे गोदामात नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन मासे आणायला जायचे. त्या दिवशी एक केरळी खलाशी मासे धरायच्या तारेच्या पिंजऱ्याला पक्कडीने भोक पाडत होता. पप्पांना राहवलं नाही. "अरे, अच्छा पिंजरा क्यों तोडता है?" "नया कानून है, भाई. छोटा मछली को निकलने का रास्ता देना है." पप्पांनी भोकातून मूठ आरपार घातली. मला म्हणाले, "आमच्या जाळ्यातून करंगळी जायची नाही. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत आम्ही. एवढी वाट ठेवली असती, तर आज होडीवर असतो." मी नेहमीसारखं इंग्लिशमध्ये म्हटलं, "बट पप्पा, देन वी वुडन्ट बी हिअर." ते हसले. "यल्ला, चल," म्हणाले. हात मात्र बराच वेळ भोकाच्या पलीकडेच राहिला. पप्पा नोकरीत असतानाच इथे वारले. तो वास आला, की मी बाल्कनीच्या गजांमधून हात बाहेर काढून उभी राहते.