चाचांच्या पिस्तुलाचं काम

जुन्या पिस्तुलाला नव्यासारखं करणं म्हणजे रंग फासणं नव्हे, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो आणि एकानेही ऐकलं नाही. रंग दरवाजाला लावतात. पिस्तुलाच्या पोलादावर मुद्दाम गंज चढवायचा असतो. तेजाबी पाण्याचं पातळ बोट फिरवायचं, दमट जागी ठेवायचं, लाल गंज धरला की स्वच्छ पाण्यात उकळायचं. उकळल्यावर तो लाल गंज काळा होतो, तो तारेच्या ब्रशने अलगद झाडायचा. हा झाला एक हात. असे आठ-नऊ हात दिले की पोलाद असं निळसर काळं दिसायला लागतं की बघत राहावं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं मी हेच केलं, आणि या कामात मला तोड नव्हती. बढाई म्हणून सांगत नाही. याच कामात मी माती खाल्ली, म्हणून सांगतोय.

साठच्या दशकातली गोष्ट. आज ज्याला अमिरात म्हणतात तिथे तेव्हा आपलाच रुपया चालायचा आणि वीज म्हणजे दुबईतल्या काही लोकांची चैन होती. मी रत्नागिरीकडून आधी दुबईलाच उतरलो. तिथे आमच्या तालुक्यातली माणसं पैशाला पासरी. पण माझ्या नाकावर कायम राग. सहा महिन्यांत सगळ्यांशी माझं वाजलं. जेवणावरून, झोपायच्या जागेवरून, कशावरूनही. शेवटी गावच्या एका व्यापाऱ्याने कंटाळून मला उम्म अल कुवैनला पाठवलं. तिथे कुलपं, स्टोव्ह, बंदुका दुरुस्त करणारा मिस्तरी नाही, तू जा, म्हणाला. म्हणजे थोडक्यात, आमच्या डोक्याचा ताप तिकडे ने.

मी गेलो. झावळ्यांची एक खोली, पुढे दुकान, मागे मी. समोर खाडी, बाकी सगळी वाळू. मराठी बोलणारा मी एकटा. महिना-महिना तोंडातून आपला एक शब्द निघायचा नाही. शुक्रवारी नमाजानंतर सलाम-दुवा, की खलास. मी बाकावरच्या लोखंडी पकडीला मराठीत शिव्या द्यायला लागलो, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोचं पत्र दुबईवरून फिरत फिरत दीड महिन्याने यायचं. त्यात सगळं बरं असायचं. तिला लिहिता येत नव्हतं, शेजारचे मास्तर लिहून द्यायचे, त्यामुळे पत्र वाचताना मला मास्तरच दिसायचे. मला फार एकटं वाटायचं. हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

अशात एक दिवस चाचा आले. तिथलेच अरब, पण मी त्यांना चाचाच म्हणायचो. सत्तरीचे असतील, काटक, पांढरी दाढी, एका डोळ्यावर राखाडी पडदा. कापडात गुंडाळलेलं पिस्तूल त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. खरं तर ते रिव्हॉल्व्हर. पहिल्या महायुद्धातलं, इंग्रजी फौजेचं. चाळिशीत चाचा शारजाच्या विमानतळावर पहारा करायचे, तेव्हा मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अफसराने ते त्यांना देऊन टाकलं होतं. त्याची दशा काय सांगू! खाऱ्या हवेने नळीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले, गोळ्यांची चकरी अडकलेली, मुठीचा अर्धा भाग तुटलेला आणि त्यावर चिंधी बांधलेली. गोळ्या तर कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या त्याने.

चाचांना ते चालवायचं नव्हतंच. एक डोळा गेला होता, आणि दुबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं की दुसराही जाणार, यावर औषध नाही. कधी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. जायच्या आधी चाचांना ते पिस्तूल एकदा तसं बघायचं होतं, जसं पहिल्या दिवशी त्यांच्या हातात आलं होतं. बस्स, एवढंच. मी म्हटलं, होईल. आणि ते उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, तू कुठला? मी रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी चक्क मराठीत विचारलं, "कसा काय? बरा हाय?"

मी पिस्तूल सोडून त्यांच्याकडे बघतच राहिलो. पोरवयात चाचा खजुरांच्या गलबतावर होते. मुंबईला जाता-येता त्यांचं गलबत आमच्या बंदरात थांबायचं. त्यांना दहा-बारा मराठी शब्द येत होते. बाकी बोलणं आमचं हिंदीत, त्यात अरबी. पण आमचा दीपगृहाचा डोंगर त्यांनी पाहिलेला होता! त्या दिवशी मी माझ्या हाताने कॉफी केली. ती इतकी भिकार झाली की चाचा हसून म्हणाले, उद्यापासून कॉफी मी घेऊन येतो.

आणि खरंच यायला लागले. रोज असरची, उतरत्या दुपारची नमाज झाली की पितळी दलाह, म्हणजे कॉफीची किटली हातात, खाली बसायचे आणि माझं काम बघायचे. मी कानशीने आणि तेलाच्या दगडाने खड्डे उतरवत होतो. जहाजवाल्यांकडून शिसवीचा तुकडा मिळवून नवी मूठ घडवली. स्प्रिंगा नव्या केल्या. चकरी टिकटिक फिरायला लागली तेव्हा चाचा कान लावून ऐकत बसले. मग गंज चढवायची पाळी आली आणि पाण्यापाशी गाडं अडलं. आमच्या विहिरीचं पाणी खारट, त्यात उकळलं की पोलादावर डाग. चाचा म्हणाले, आत वाळवंटात फलजचं, जमिनीखालच्या पाटाचं, गोडं पाणी आहे, मी आणतो. गाढवावर मशक लादून ते एक दिवस जात, दुसऱ्या दिवशी येत. त्या वयात, त्या डोळ्यांनी. प्रत्येक हातासाठी ताजं पाणी.

नववा हात झाला तेव्हा रमजानला दहा दिवस होते. मी तेलाचं फडकं फिरवलं, ते उजेडात धरलं आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. फॅक्टरीतून आजच निघावं तसं ते होतं. आता चाचा येतील, बघतील, खूश होतील, घेऊन जातील. आणि मग? मग असरनंतर मी काय करणार होतो?

चाचांची पावलं ऐकू आली. मी पिस्तूल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलं आणि म्हटलं, अजून एक-दोन हात बाकी आहेत.

एकदा खोटं बोललं की जीभ सैल सुटते. दोन हातांचे चार झाले. मी चाचांना आणखी दोनदा फलजला पाठवलं आणि त्या पाण्याचा चहा करून प्यायलो. हो, प्यायलो. ईदपर्यंत होईल ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा इन्शाल्ला म्हणालो. स्वतःला समजावत होतो की आठ-पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय. रोजा असूनही ते रोज येऊन बसायचे, गलबतावरच्या गमती सांगायचे. ईदच्या दिवशी हलव्याचं ताट घेऊन आले. ट्रंक त्यांच्या पाठीमागे होती, दोन हातांवर. मी हलवा खाल्ला आणि तोंड उघडलं नाही.

ईदनंतर आठ दिवस ते आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते मुलाचा हात धरून. हा मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होतो, चाळिशीचा, मासेमारी करणारा. चाचांनी दाराची चौकट चाचपली, पायाने जमीन पाहिली, मग बसले. मला काही विचारावं लागलं नाही.

मी ट्रंक उघडली आणि पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, चकरीवरून, नव्या मुठीवरून. पुन्हा नळीवरून. तिथे आता एकही खड्डा नव्हता.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

मुलगा त्यांना समजावायला लागला की बाबा, तुमचंच आहे, काय चकाकतंय, अगदी नवीन. चाचांनी हाताने त्याला गप्प केलं आणि चेहरा माझ्याकडे वळवला. माझ्याकडे म्हणजे जरा बाजूला, पकडीकडे.

"उस्ताद, हे कधी झालं?"

आज झालं, असं म्हणता आलं असतं. मुलानेही मान डोलावली असती. पण त्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना. मी सांगितलं की रमजानच्या आधीच झालं होतं. का ठेवलंस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही यायचं बंद केलं असतं."

मला वाटलं चाचा आता शिव्या घालतील, आणि मला त्या हव्याच होत्या. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"माझं घर इथून दिसतं," ते म्हणाले. "एकदा तरी आलास?"

कितीदा बोलावलं होतं त्यांनी. घरी ये, जेवायला ये, सुना मासे चांगले करतात. मी दर वेळी वाटेला लावलं. परक्याच्या घरी कशाला, आपण बरं आपलं काम बरं. मला वाटायचं, लोक असं बोलायचं म्हणून बोलतात. शंभर पावलं होती ती. मी माणसाला चार महिने माझ्या दारात खेपा घालायला लावल्या, त्याची नजर खर्ची घातली, पण स्वतः शंभर पावलं चाललो नाही.

मुलाने पिस्तूल कमरेला खोवलं, चाचांना उठवलं. दारापाशी चाचांनी मला "बरा हाय" म्हटलं की ते नुसतेच खाकरले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

पुढे वर्षभर मी तिथेच होतो. असरनंतर ते घराबाहेर खाटेवर बसलेले मला दुकानातून दिसायचे, शेजारची जागा मोकळी. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?